मावेजा आला, आता सल्लागार कुठून आणायचा

ताई, तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडतो, म्हणजे पुढचं बोलायला बरं. परभणीकडच्या सेलू तालुक्यात वडलांची दोन-सव्वादोन एकर जमीन रस्त्यात गेली, मावेजाचे, म्हणजे भरपाईचे, ५८ लाख त्यांच्या खात्यावर आले, तुम्ही पुण्यात नोकरीला, भाऊ गावी. आणि पैसा जमा झाल्यापासून घरी रोज कुणीतरी यायलंय. बँकेचे मॅनेजर साहेब स्वतः गाडी काढून आले, जे पीक कर्जाच्या वेळी खुर्चीवरून मान वर करत नव्हते. तुमचे चुलत मामा विम्याचे एजंट आहेत ते म्हणायलेत घरचाच माणूस असताना बाहेर कशाला जाता. एका मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीचे चेअरमन ठेवीवर १२ टक्के द्यायला तयार आहेत, आणि भावाला टेलिग्रामवर कुणीतरी महिन्याला ५ टक्क्याचं गणित दाखवलंय. तुम्ही विचारताय की यातला विश्वासू कोण, यातला नसेल तर विश्वासू सल्लागार सापडतो कुठं आणि त्याला फी किती द्यायची.

मी संभाजीनगरला २२ वर्षं याच धंद्यात आहे. पहिली आठ वर्षं विमा एजंट, मग म्युच्युअल फंडाचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे कमिशनवर फंड विकणारा, आणि आता सेबीकडं (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेला, फक्त फी घेणारा सल्लागार. म्हणजे तिन्ही चुलीवरची भाकरी खाऊन झालीय, त्यामुळं कुणाचं पीठ कुठून येतं ते मला ठाऊक आहे.

आधी एक काम करा, सल्लागार नंतर बघू. ५८ लाख बचत खात्यावर पडून असतील तर उद्याच्या उद्या त्याची मुदत ठेव करून टाका, सहा महिन्याची, दोन-तीन मोठ्या सरकारी बँकांत वाटून, नॉमिनी टाकून. बचत खात्यावर एवढी रक्कम पडली की ती बँकेच्या स्क्रीनवर दिसते आणि ब्रँचला विम्याचं टारगेट असतं, म्हणून साहेब गाडी काढून आले, दुसरं काही नाही. सहा महिन्याच्या ठेवीवर दीड लाखाच्या वरच व्याज येईल, म्हणजे थांबण्यानं तुमचं काहीच जात नाही, आणि "आत्ताच करा, स्कीम बंद होणारे" म्हणणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होतं. फक्त सही करताना कागद बघा. वर मुदत ठेव लिहिलेलं असावं, 'प्रपोजल' लिहिलेलं असेल तर तो विम्याचा फॉर्म आहे. हे मी उगीच सांगत नाही. हिंगोलीकडचे एक रिटायर्ड गुरुजी माझ्याकडं आले होते, त्यांना बँकेत सांगितलं एफडीच आहे, जरा जास्त व्याजाची, एकदाच ५ लाख भरायचे. घरी पुस्तिका आली तर ५ लाख दरवर्षी, १० वर्षं. कंपनीचा खात्री करणारा फोन आला होता तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या पोरानं सांगितलं होतं, गुरुजी सगळ्याला हो हो म्हणा. गुरुजींनी आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारले आणि स्वतःच्या वेळी हो हो म्हणाले. नशीब की पुस्तिका हातात पडून २४ दिवस झाले होते, नवीन पॉलिसी ३० दिवसांच्या आत परत करता येते, किरकोळ कापून पैसे परत मिळतात, तसे मिळाले. ३१ व्या दिवशी आले असते तर मी पण काही करू शकलो नसतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय विश्वासू माणूस कसा ओळखायचा, आणि मला वाटतं प्रश्न इथंच जरा चुकतोय. आपल्याकडं पैसा कुणाच्या हातात द्यायचा हे माणूस बघून ठरतं, तो कुणाचा कोण, कोणत्या गावचा, लग्नात आला होता का, माळकरी आहे का. मराठवाड्यात जेवढा पैसा बुडालाय तेवढा अनोळखी माणसाकडं बुडाला नाही, तो 'आपल्या माणसा'कडं बुडालाय. कारण आपल्या माणसाला कागद मागायला लाज वाटते.

आणि तो आपला माणूस मी स्वतः होतो. २००७ ची गोष्ट, माझ्या सख्ख्या मावसभावाला मी युलिप, म्हणजे शेअर मार्केटला जोडलेली विमा पॉलिसी, विकली. वर्षाला ५० हजार, तीन वर्षं भर आणि मग काढून घे, दामदुप्पट होतील. त्या काळात युलिपला लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येणारी मुदत, तीनच वर्षांचं होतं आणि पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून मोठा लचका आधीच कापला जायचा, उरलेला पैसा मार्केटला लागायचा. मला ते माहीत होतं का? अर्धवट. ट्रेनिंगमध्ये कमिशन किती ते नीट शिकवलं होतं, कापतात किती ते भरभर. २००८ ला मार्केट पडलं, तीन वर्षांनी दीड लाखाचे एक लाख दहा हजार हातात आले. भाऊ काही बोलला नाही, अजून पण बोलत नाही, पण त्याच्या पोरीच्या बारशाला मला बसायला सांगताना त्याचा आवाज वेगळा होता तो मला अजून आठवतो. पुढं सप्टेंबर २०१० पासून नियम बदलले, लॉक-इन पाच वर्षं झालं, चार्जेसवर मर्यादा आली, पण तोवर माझ्यासारख्या हजारो एजंटांनी आपापल्या मावसभावाला विकून झालं होतं. मी खोटारडा नव्हतो हो ताई. मला पगारच त्या गोष्टीचा होता.

म्हणून माणूस चांगला का वाईट हे नंतर बघा, आधी बघा त्याच्या घरी पैसा कुणाकडून येतो. तुमच्या वडलांना हे लगेच समजेल, त्यांना असं सांगा. कपाशीवर बोंडअळी आली की आपण कृषी सेवा केंद्रात जातो, दुकानदार फुकट सल्ला देतो, वर चहा पाजतो, आणि पिशवीत चार बाटल्या घालून देतो ज्यातली एकच लागणार असते. तो काही चोर नाही, त्याचा सल्ला औषधाच्या बिलात आहे एवढंच. तेच परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाला विचारलं तर तो कधीकधी म्हणतो, आठ दिवस काहीच फवारू नका. "काहीच करू नका" हे वाक्य बाटली विकणाऱ्याला परवडत नाही. पैशाचं अगदी तसंच आहे.

विमा एजंटला कंपनी पैसे देते. जुन्या पद्धतीच्या बचतीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त कमिशनला जातो, आणि तुमच्या हातात शेवटी वर्षाला पाच-सहा टक्के पडतात. बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर पगारावर असतो पण त्याचं प्रमोशन विकण्यावर, आणि दोन वर्षांनी त्याची बदली होते, मग तक्रार करायला गेलात तर नवीन पोरगं म्हणतं मला काही माहिती नाही. म्युच्युअल फंडाच्या डिस्ट्रिब्युटरला फंड कंपनी दरवर्षी तुमच्या रकमेवर साधारण अर्धा ते एक टक्का देत राहते. सीए टॅक्सचा माणूस आहे, त्याला टॅक्सचं विचारा, फंड कुठला घेऊ हे त्याच्या खात्यातलं नाही (काही सीएंच्या ऑफिसात बाजूच्या टेबलावर बायकोच्या नावानं एजन्सी असते, ते पण बघत जा). आणि पाचवा प्रकार म्हणजे सेबीकडं नोंदणी केलेला इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर, याचा कायदा २०१३ चा. याला फी तुम्ही देता, कंपनीकडून कमिशन घ्यायची त्याला परवानगी नाही, आणि ज्या घराला सल्ला देतो त्याच घराला तो माल विकू शकत नाही. असे लोक देशभरात मिळून हजाराच्या आसपासच आहेत, त्यातले बरेच मुंबई-पुणे-बंगळूरला, त्यामुळं परभणीत गल्लीत सापडेल अशी आशा ठेवू नका. पण तुम्ही पुण्यात आहात, आणि आता निम्मं काम व्हिडिओ कॉलवरच होतं.

कार्डावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. वेल्थ मॅनेजर, फायनान्शियल प्लॅनर, मनी कोच, कुणी काय पण छापतं. २०२० पासून नियम असा आहे की नुसतं डिस्ट्रिब्युशन करणाऱ्यानं स्वतःला इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायझर किंवा वेल्थ ॲडव्हायझर म्हणवायचं नाही, तरी पाट्या जागच्या जागी आहेत. तुम्ही नंबर मागा. ॲडव्हायझरचा नंबर 'आयएनए' या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो, पुढं नऊ आकडे. 'आयएनएच' असेल तर तो रिसर्च ॲनालिस्ट, तो शेअर सुचवतो, तुमच्या घराचा विचार करणं त्याचं काम नाही. 'एआरएन' असेल तर डिस्ट्रिब्युटर. नंबर मिळाला की सेबीच्या वेबसाईटवर नोंदणीकृत इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरांची यादी आहे त्यात तो टाकून बघा, आणि इथंच थांबू नका, कारण भामटे लोक खऱ्या ॲडव्हायझरचा नंबर आणि सर्टिफिकेट उचलून आपल्या टेलिग्राम ग्रुपवर लावायलेत. यादीत जो ईमेल आणि फोन दिलाय त्यावर स्वतः संपर्क करा आणि विचारा, अमुक माणूस तुमचाच का. पाच मिनिटाचं काम आहे, पण माझ्याकडं येणाऱ्या शंभरातल्या पाच जणांनी पण केलेलं नसतं.

फीचं बोलू. लोकांना इथंच पोटात दुखतं, की नुसतं बोलायचे वीस हजार? सेबीनं वरची मर्यादा घातलेली आहे, ठराविक फी असेल तर एका कुटुंबाला वर्षाला १,५१,००० च्या पुढं नाही, आणि रकमेच्या टक्क्यानं घेत असेल तर २.५ टक्क्यांच्या पुढं नाही. ही मर्यादा आहे हो, भाव नव्हे. तुमच्यासारख्या घराला पूर्ण प्लॅन करून वर्षभर सोबत राहायचे १५ ते ४० हजार होतात, शहर आणि कामाप्रमाणं. टक्क्यानं घेणाऱ्यापेक्षा ठराविक फीवाला बघा असं माझं मत, कारण टक्केवाल्याला तुम्ही त्यातून पैसे काढून बोअर मारलेलं आवडत नाही. फी चेकनं किंवा ऑनलाईन, पावती घेऊन. रोख मागितली तर तिथंच उठा, रोखीनं फी घ्यायला परवानगीच नाही. आणि एका वर्षापेक्षा जास्तीची फी आगाऊ घेता येत नाही, "तीन वर्षाची एकदम भरा, डिस्काउंट देतो" म्हणणारा नियम मोडायलाय.

आता 'फुकट'वाल्याचं बिल काढून बघू. समजा यातले ३० लाख म्युच्युअल फंडात गेले आणि ते रेग्युलर प्लॅनमधून, म्हणजे मधल्या माणसामार्फत गेले, डिस्ट्रिब्युटरला ०.९ टक्का मिळतो, तर वर्षाला २७ हजार तुमच्याच पैशातून चालले, दरवर्षी, आणि रक्कम वाढेल तसे वाढत चालले. ते दिसत नाहीत कारण एनएव्हीतूनच, म्हणजे फंडाच्या युनिटच्या भावातूनच कापले जातात. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डिरेक्ट प्लॅन आहे, तोच फंड, तोच मॅनेजर, मधलं कमिशन नाही. तुमची स्वतःची दर महिन्याला फंडात जाणारी १० हजाराची एसआयपी आहे म्हणालात ना, ती २० वर्षं चालली आणि १२ टक्के मिळाले तर साधारण ९९ लाख होतात, ११ मिळाले तर ८७ लाख. एका टक्क्याचे बारा लाख! आणि तुम्हाला तुमच्या डिस्ट्रिब्युटरला किती जातं हे विचारायची पण गरज नाही, मार्च आणि सप्टेंबरनंतर जे एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर येतं त्यात त्याला मिळालेल्या कमिशनचा आकडा रुपयात छापलेला असतो. कुणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी.

पण डिस्ट्रिब्युटर म्हणजे वाईट असं समजू नका, मी दहा वर्षं तेच केलं आणि त्यातलं काही काम अभिमानानं सांगण्यासारखं आहे. २०२० च्या जानेवारीत निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, १२ हजाराच्या वर होती, २३ मार्चला ७,६०० च्या आसपास आली, तेव्हा लॉकडाऊनमध्ये मी रोज तीस-चाळीस फोन घ्यायचो आणि एकच वाक्य बोलायचो, काढू नका. ज्यांनी ऐकलं त्यांनी मला त्या वर्षी दिलेलं कमिशन वसूल झालं. ज्याची महिन्याला दोन-तीन हजाराची एसआयपी आहे त्याला २० हजार फीचा सल्लागार परवडत नाही, त्यानं चांगला, घरी येणारा, फोन उचलणारा डिस्ट्रिब्युटरच धरावा. तुमची रक्कम मोठी आहे आणि एकरकमी आहे आणि परत येणारी नाही, म्हणून तुम्हाला फीवाला सांगायलोय.

दोन-तीन जण निवडून पहिली भेट घ्या, पहिल्या भेटीचे पैसे बरेच जण घेत नाहीत. तिथं तुम्ही कमी बोला आणि तो किती विचारतो ते मोजा. वडलांचं वय काय, बीपी-शुगर आहे का, मेडिक्लेम आहे का, उरलेल्या जमिनीत विहीर आहे का कोरडवाहू, घर पडायला झालंय का, भावाचं लग्न झालंय का, सोसायटीचं कर्ज किती, बँकेत सोनं गहाण आहे का, आत्याच्या हिश्श्याचं काही मिटायचं राहिलंय का. हे सगळं विचारायच्या आधीच ज्यानं लॅपटॉप उघडून ग्राफ दाखवला त्याला चहा पाजून निरोप द्या. नियमानं पण त्याला तुमची जोखीम झेपायची ताकद आधी तपासून लिहून ठेवावी लागते, आणि लेखी करार केल्याशिवाय सल्ला सुरू करता येत नाही.

तुमच्या घरासाठी मी दोन छुप्या परीक्षा सांगतो, त्याला न सांगता घ्या. पहिली, वडील ६३ वर्षांचे आहेत म्हणालात. मग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं नाव तो स्वतःहून काढतो का बघा. पोस्टात किंवा बँकेत, एका माणसाला ३० लाखापर्यंत, दर सरकार दर तिमाहीला ठरवतं पण ज्या दिवशी भरले त्या दिवशीचा दर पाच वर्षं पक्का. २०२३ ला तो ८.२ टक्के केला तो बराच काळ तसाच राहिला, त्या दरानं ३० लाखावर तीन महिन्याला ६१,५०० हातात. आता मला सांगा, इतके लोक तुमच्या ओट्यावर बसून गेले, एकानं तरी हे नाव काढलं का? नाही काढणार. या योजनेवरचं एजंटचं कमिशन २०११ मध्येच बंद झालं. दुसरी परीक्षा, कर्जाची. पीक कर्ज वेळेत फेडलं तर ३ लाखापर्यंत व्याज शून्य पडतं आपल्याकडं, ते घाईनं फेडून टाका म्हणणाऱ्याला शेतकऱ्याचं घर माहीत नाही, आणि सोन्यावरचं कर्ज नाहीतर सावकाराचं देणं तसंच ठेवून फंडात पैसे टाका म्हणणाऱ्याला फक्त फंड माहीत आहे.

आणखी एक विचारा, पाच-सात वर्षं जुन्या एका क्लायंटशी बोलायला द्या म्हणा. खूश क्लायंट कुणाकडं पण असतो, जुना राहिलेला असणं अवघड. आणि सरळ तोंडावर विचारा, तुमचा कुठला सल्ला चुकला. जो म्हणतो एक पण नाही, तो एकतर नवीन आहे नाहीतर खोटं बोलायलाय. मी तर मावसभावाची गोष्ट सांगतो.

कुणाला नेमलं तरी एक लक्ष्मणरेषा. तुमचा पैसा सल्लागाराच्या खात्यावर एक रुपया पण जाता कामा नये, फी सोडून. चेक फंडाच्या नावानं, पोस्टाच्या नावानं, बँकेच्या नावानं निघतो, सल्लागाराच्या किंवा त्याच्या फर्मच्या नावानं कधीच नाही. ओटीपी, पासवर्ड, सही केलेले कोरे चेक, डीमॅटचं लॉगिन, यातलं काही द्यायचं नाही. वडलांना मोबाईलवर जमत नाही म्हणून भाऊ सगळं त्या माणसाच्या हातात देईल, तिथं लक्ष ठेवा, फोलिओला (फंडातल्या खात्याला) मोबाईल नंबर आणि ईमेल वडलांचा किंवा तुमचा, एजंटचा नाही. आमच्या धंद्यात पाहिलंय मी, सगळ्या गावाच्या फोलिओला एकाच माणसाचा ईमेल, मग पैसे निघाले काय आणि राहिले काय, घरच्यांना पत्ताच नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीनं नोंदणीकृत लोकांसाठी वेगळे यूपीआय आयडी आणलेत ज्यात 'व्हॅलिड' असा शब्द असतो, आणि 'सेबी चेक' म्हणून सोय आहे तिथं खातं खरं का खोटं तपासता येतं. वापरा.

मल्टिस्टेटचं. चेअरमन तुमच्या वडलांच्या ओळखीचे आहेत, देवळाला देणगी दिलीय, सगळं खरं असेल. पण बँकेत ठेव असली तर बँक बुडाली तरी एका माणसाला एका बँकेत व्याजासकट ५ लाखापर्यंत विमा आहे, सहकारी बँकेला पण आहे. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी ही बँक नाही, तिथं तो विमा नाही, पतसंस्थेला पण नाही. ठेव घेताना आधी एक सभासदाचा फॉर्म भरून घेतात, आठवत असेल तुम्हाला, कारण त्यांना फक्त सभासदांकडूनच ठेवी घेता येतात. म्हणजे कागदावर तुम्ही गिऱ्हाईक नाही, मालकातले एक. गेल्या काही वर्षांत बीडपासून संभाजीनगरपर्यंत किती शटरं खाली आली ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, लेकीच्या लग्नाचे, दवाखान्याचे पैसे अडकलेली माणसं पावत्या घेऊन कलेक्टर ऑफिससमोर बसलेली सगळ्यांनी बघितलीत. १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यानं गुन्हा दाखल होतो, मालमत्ता जप्त होते, पण लिलाव होऊन पैसा हातात यायला वर्षंच्या वर्षं जातात. मोठी बँक सहा-सात टक्के देते तेव्हा हे १२ कुठून देतात, एवढा एक प्रश्न चेअरमनला तुमच्या आईनं विचारावा, बायकांनी विचारलं की लोक गडबडतात.

भावाच्या टेलिग्रामवाल्याबद्दल जास्त लिहीत नाही. महिन्याला ५ टक्के म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला जवळजवळ ८० टक्के. ज्याला हे जमतं तो सेलूच्या पोराला मेसेज करत बसत नाही. पण भावावर ओरडू नका, त्याला वाटायलंय की शिकलेली बहीण पुण्यात बसून आपला हिस्सा अडवायलीय. त्याला सल्लागाराच्या भेटीला बरोबर घेऊन जा आणि त्याच्या हातानं तो नंबर सेबीच्या साईटवर टाकायला लावा. पोरगं स्वतः शोधेल तर मानेल.

कुठं फसलातच तर, शेअर-फंड-ॲडव्हायझरची तक्रार सेबीच्या 'स्कोअर्स'वर ऑनलाईन होते, २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, टोल फ्री १८०० २६६ ७५७५ वर मराठीत पण बोलता येतं. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्याची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर. विम्याची आधी कंपनीकडं लेखी, मग लोकपालाकडं. तोंडी तक्रार आपल्याकडं फार करतात, तिचा काही उपयोग नसतो.

चुलत मामांचं राहिलं. त्यांना तोडू नका, उद्या दिवाळीला तोंड बघायचंय. त्यांच्याकडून भावाची टर्म पॉलिसी घ्या, निव्वळ टर्म, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारी, बचतीची नाही, लग्न झालंय आणि लेकरू आहे तर ती लागणारच आहे. त्यांचं पण काम झालं, तुमचं पण. "टॅक्स वाचतो" म्हणून बचतीची पॉलिसी गळ्यात मारायला लागले तर तुमच्या पगाराला नवीन टॅक्स रिजीम लावलीय का बघा, त्यात विम्याच्या हप्त्यावरची सूटच नाही.

भेटीला जाताना मावेजाच्या निवाड्याची प्रत, उरलेल्या जमिनीचा सातबारा, सगळ्या बँकांची पासबुकं, जुन्या पॉलिसींची पुस्तिका (वडलांच्या पेटीत तळाशी दोन-तीन निघतील, बंद पडलेल्या), कर्जाचे कागद आणि आईचं आधार-पॅन घेऊन जा. आईला नक्की न्या. आणि वडलांना नाही म्हणायला जमत नाही ही खरी अडचण आहे, दारात आलेल्या माणसाला ते कसं परत पाठवणार. त्यांना एक वाक्य पाठ करून द्या, "पोरीनं सगळ्याची ठेव करून टाकली, सहा महिने हात लावता येत नाही, पावत्या पण तिनं पुण्याला नेल्या." ठेव मोडता येते हे मॅनेजरला माहीत आहे, पण पावत्याच पुण्याला म्हटल्यावर तो चहा पिऊन जाईल.